रॉडची तारीख

"हे बघा अर्धे डॉक्टर, दोन वर्षांत कसा खाल्लाय," असं म्हणत भावोजींनी माझ्या काउंटरच्या काचेवर, खोकल्याच्या बाटल्यांशेजारी, एक वाकडीतिकडी पांढरट वस्तू आणून ठेवली. ती ओली होती. तापाच्या गोळ्या घ्यायला आलेल्या बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"भावोजी, इथे आम्ही औषधं विकतो," मी म्हणालो.

"मग हे काय आहे? हेही औषधच. टाकीचं."

आणि त्यांनी थेट त्या बाईंकडे मोर्चा वळवला. तुमच्याकडे गीझर आहे का, किती वर्षं झाली, कधी उघडून बघितलाय का. बाईंनी नाही म्हणताच भावोजींना कोण आनंद झाला. गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो, पाणी टाकी खायला निघतं तेव्हा हा पुढे होतो, म्हणतो आधी मला खा. हा खाल्ला जातो म्हणून टाकीला गंज चढत नाही. दर दोन वर्षांनी नवा टाकायचा. लोक टाकत नाहीत आणि मग टाकी फुटली की कंपनीला शिव्या देतात. हे सगळं ते बसलेल्या, खरखरीत आवाजात सांगत होते. मध्येच थांबून खाकरत होते. बाई तापाच्या गोळ्या घेऊन गेल्या त्या गीझरची काळजी घेऊनच गेल्या असणार.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे नवरे, गीझर मेकॅनिक. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांच्या न्हाणीघरांत स्टुलावर उभं राहून काढली. काम झालं की खाल्लेला रॉड घरमालकाच्या हातात द्यायचे आणि गीझरच्या बुडाशी काळ्या मार्करने लिहायचे, 'पुढचा रॉड' आणि महिना, साल. त्यांचं अक्षर सुरेख होतं. मी एका औषधाच्या दुकानात कामाला. दुकान मालकाचं, काउंटर माझं. वीस वर्षांत गोळ्यांची नावं पाठ झाली, म्हणून भावोजी मला अर्धे डॉक्टर म्हणायचे. चेष्टेत असले की अहो-जाहो, गंभीर असले की अरे-तुरे. मी अर्धाही नव्हतो. पण कुणी रोज म्हणत राहिलं की माणसाला खरं वाटायला लागतं.

"आवाज अजून तसाच आहे," मी म्हणालो.

"थंडी आहे. दे त्या तुझ्या चघळायच्या गोळ्या."

मी दिल्या. तीन महिने देत होतो. अख्खे तीन महिने, लिंबाच्या स्वादाच्या. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगून टाकतो, कारण पुढचं सांगायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

शेवटी ताईने त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं. ताई एका शाळेच्या कचेरीत फाइली सांभाळते. कागदावर लिहिलेलं तिला पटतं, तोंडी सांगितलेलं नाही. स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात, ऑपरेशन नको, रेडिएशन देऊ. आठवड्याचे पाच दिवस, सात आठवडे. बऱ्याच जणांना याने बरं वाटतं. ताईने 'बऱ्याच जणांना' एवढंच उचललं आणि घरी येईपर्यंत तेच घोकत राहिली. सिगारेटचं पाकीट भावोजींनी दवाखान्याच्या फाटकाशीच टाकलं होतं, आणि आता उशीर झाला हे कळत असल्यासारखं ते त्याच्याकडे वळूनही बघत नव्हते.

रेडिएशन विभागातून एक छापील कागद मिळाला. काय खायचं, काय नाही, गळ्याला साबण लावायचा नाही. खाली ठळक अक्षरात, 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही औषध घेऊ नये.' ताईने तो स्वयंपाकघराच्या दारावर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून डकवला. तिच्यासाठी तो कायदा होता.

आता माझी करामत. त्याच आठवड्यात एका कंपनीचा प्रतिनिधी दुकानात आला होता. त्याच्याकडे गुळगुळीत पानांची चित्रं होती. कापून ठेवलेलं सफरचंद, एक फोड पांढरी, एक तपकिरी. तो म्हणाला, साहेब, आपण जे श्वासातून घेतो त्याच प्राणवायूने शरीर आतून गंजतं. पेशींमध्ये काही उनाड कण तयार होतात, ते दिसेल त्याला चावतात. अँटिऑक्सिडंट स्वतःला त्यांच्या तोंडी देतात आणि पेशी वाचते. व्हिटामिन ई, बीटा कॅरोटिन, सगळं एका कॅप्सूलमध्ये. त्याने नमुन्याच्या सहा डब्या ठेवल्या आणि गेला.

संध्याकाळी मी हे भावोजींना सांगितलं. मला माझं ज्ञान पाजळायचं होतं, दुसरं काही नाही. भावोजींनी ते सफरचंदाचं चित्र हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघत बसले.

"अरे, हा तर रॉड झाला."

"तसंच काहीसं."

"तसंच काहीसं नाही. तोच. सव्वीस वर्षं मी हेच करतोय आणि माझ्याच टाकीत रॉड नाही." त्यांचे डोळे चमकत होते. आजार कळल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना असं बघत होतो. "डबीवर रोज एक लिहिलंय."

"हो, एक पुरे."

"साध्या पाण्याला एक पुरे. खाऱ्या पाण्याचा भाग असेल तर मी जाड रॉड टाकतो. हे रेडिएशन म्हणजे खारं पाणीच की. गळ्याची कातडी सोलते म्हणे. जाड नको का टाकायला?"

मला ते पटलं. इतकं व्यवस्थित पटलं की मी काउंटरवरचं पेन उचललं आणि डबीच्या लेबलावर लिहून दिलं, 'सकाळी २, रात्री २'. गिऱ्हाइकांना लिहून देतो तसं.

"ताईला विचारायला हवं," मी म्हणालो. "तो कागद लावलाय तिने."

"कागदावर औषध लिहिलंय. हे व्हिटामिन. नाही का?"

"व्हिटामिनच आहे. फळांत असतं तेच. अपाय काय व्हायचाय?"

हे माझं वाक्य. हुबेहूब हेच. भावोजी म्हणाले, तिला उगाच डोक्याला ताप नको, ती लगेच डॉक्टरांना फोन लावेल. डब्या त्यांनी हत्यारांच्या पिशवीत टाकल्या, पाने आणि पक्कड यांच्यात. त्या पिशवीला ताई कधी हात लावत नसे, कपड्यांना गंजाचे डाग पडतात म्हणून.

सात आठवडे मी रोज दुपारी दुकानातून दोन तास सुटी घेऊन त्यांना नेत होतो. आत त्यांना जाळीचा मुखवटा घालून टेबलाला घट्ट बसवत. पहिल्याच दिवशी बाहेर येऊन म्हणाले, "चार खिट्ट्यांपैकी एक ढिली आहे. सांगितलं मी त्यांना. उद्या पाना घेऊन येतो म्हटलं तर हसले." बाकावर त्यांच्या ओळखी झाल्या. एक बसचालक होता, एक शिंपी, एक निवृत्त मास्तरीण. चौथ्या आठवड्यात त्या सगळ्यांची तोंडं आली. शिंप्याला पाणी गिळवेना. मास्तरीणबाई पाटीवर लिहून बोलू लागल्या. बसचालकाला नळीने दूध द्यावं लागलं.

भावोजींचा गळा लाल झाला, दुखायचाही. पण ते जेवत होते. मऊ, पातळ करून, हळूहळू, पण जेवत होते.

"बघितलंस?" ते मला कोपराने ढोसून हळूच म्हणायचे. "रॉड काम करतोय."

मी अभिमानाने फुगलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं की या सगळ्या मोठ्या यंत्रांना आणि पांढऱ्या डगल्यांना जे सुचलं नाही ते आम्हा दोघांना सुचलं. एकदा तर शिंप्यालाही एक डबी द्यावी असं मनात आलं. भावोजींच्या सहा संपत आल्या होत्या म्हणून नाही दिली. त्या शिंप्याला मी आजही कधीतरी रस्त्यात बघतो. बरा आहे. कपडे शिवतो.

पुढचे आठ महिने चांगले गेले. आवाज पूर्वीचा झाला नाही, पण झाला. भावोजींनी पुन्हा कामं घ्यायला सुरुवात केली, दिवसाला एखाददुसरं. ताईने दारावरचा कागद काढून फाइलीत लावला. मग एका सकाळी दाढी करताना त्यांना गळ्याच्या बाजूला काहीतरी लागलं. वाटाण्याएवढं. त्यांनी ते ताईच्या आधी मला दुकानात येऊन दाखवलं, आणि या वेळी मी चघळायच्या गोळ्या दिल्या नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी नवे फोटो पाकिटातून काढून उजेडावर धरले. गळ्यातल्या गाठी मोठ्या रक्तवाहिनीला बिलगल्या होत्या. छातीत दोन ठिपके होते. ताईला त्यांनी जुन्या कागदांच्या प्रती काढायला खालच्या मजल्यावर पाठवलं होतं. खोलीत बाईंसमोर भावोजी आणि मी, आम्ही दोघंच होतो.

"एक विचारते," बाई म्हणाल्या. "रेडिएशन चालू होतं तेव्हा बाहेरचं काही घेत होतात? काढे, व्हिटामिनं, अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल वगैरे?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाही," ते म्हणाले. "काहीच नाही. बायको फार कडक आहे."

"बरं. विचारावं लागतं, कारण बरेच जण घेतात आणि सांगत नाहीत."

"घेतलं तर काय होतं?" भावोजींनी विचारलं. गीझरबद्दल एखाद्याने शंका काढावी तितक्या साधेपणाने.

बाईंनी फोटो खाली ठेवले. त्या समजावून सांगणाऱ्यांतल्या होत्या, घाई करणाऱ्यांतल्या नव्हत्या. "रेडिएशन गाठीला मारतं ते कसं? तिच्या पेशींमध्ये तेच उनाड कण तयार करून. एका अर्थी आपण गाठीला मुद्दाम आतून गंजवतो. अशा वेळी अँटिऑक्सिडंट भरपूर घेतलं तर ते चांगल्या पेशींना वाचवतं, तसं गाठीलाही वाचवू शकतं. त्रास कमी होतो, तोंड कमी येतं, माणसाला वाटतं छान चाललंय. आणि गाठ टिकते. फळं-भाज्या खाव्यात, त्याने काही होत नाही. पण या मोठ्या ताकदीच्या कॅप्सूल नकोत."

"म्हणजे ते औषध आपलं-परकं ओळखत नाही."

"नाही ओळखत."

"नक्की तसंच होतं?"

"नक्की कुणाच्याच बाबतीत सांगता येत नाही. न घेणाऱ्यांचीही गाठ परत येते. तुम्ही घेतलंच नाही, मग तो विचार सोडा."

तेवढ्यात ताई कागद घेऊन आली. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि पुढचं तिला सांगितलं. किती महिने, ते त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं. ताईने फाइलीतल्या एका कोऱ्या पानावर तो आकडा लिहून घेतला.

औषधांच्या रांगेत ताई उभी होती तेव्हा आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. मी म्हणालो, "भावोजी, मी आत्ता आत जातो आणि सांगतो. ताईलाही सांगतो."

"काय सांगशील?"

"मी दिलं म्हणून. मी लिहून दिलं, दिवसाला चार."

"जाड रॉड मी मागितला." त्यांनी गळ्यावरून हात फिरवला. "गाठीलाही आपणच रॉड घालून दिला, अं? सव्वीस वर्षांत मी कुणाचा गीझर बिघडवला नाही. बिघडवला तो स्वतःचा."

मला रडू फुटलं. भर दवाखान्यात, पन्नाशीच्या माणसाने. समोरची बाई तोंड वळवून बसली.

"इकडे बघ," भावोजी म्हणाले. अरे-तुरेवर आले होते. "आम्हाला मूलबाळ नाही. मी गेल्यावर तिला तुझ्याशिवाय कोण आहे? आज तू सांगितलंस तर तुझं मन हलकं होईल. तिचं काय? नवरा जाणार तो जाणार, वर भाऊही जाईल. ती तुझं तोंड बघणार नाही, ओळखतोस ना तिला. मग तिच्या घरी येणार कोण?"

"पण खरं काय ते..."

"खरं काय ते त्या बाईंनाही माहीत नाही. ऐकलंस ना. तुझी सुटका व्हायची असेल तर दुसरीकडे कुठेतरी हो. माझ्या घरात नको."

ते रागावून बोलत नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ताई औषधांची पिशवी घेऊन येताना दिसली तसे ते उठले आणि मला म्हणाले, "चला अर्धे डॉक्टर, तोंड पुसा."

त्या शब्दांनी मला कोणी कधी मारलं नसेल इतकं मारलं. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. ते नेहमीसारखंच बोलले होते.

पुढे पाच महिने ते होते. शेवटी आवाज पूर्ण गेला, तेव्हा मास्तरीणबाईंसारखी पाटी घेतली. पाटीवर त्यांचं अक्षर तसंच सुरेख होतं. गिऱ्हाइकांचे फोन आले की ताई विचारायची आणि ते लिहायचे, कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा, कुठला दुसरा मेकॅनिक बरा. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. एकदा ताई चहा करायला आत गेली तेव्हा मी पाटी घेऊन लिहिलं, 'मला माफ करा.' त्यांनी वाचलं, ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि लिहिलं, 'हत्यारांची पिशवी तुझी. घरचा रॉड जानेवारीत.' मग तेही पुसलं. ऑगस्टमध्ये, दुपारी, मी दुकानात असताना ते गेले.

जानेवारीच्या पहिल्याच रविवारी ताईचा फोन आला. "अरे, गीझरवर या महिन्याची तारीख आहे. यांनी तुला दाखवलं होतं ना कसं करायचं?"

दाखवलं होतं, गमतीत, कितीतरी वेळा. मी गेलो. ताईने कपाटाच्या खालून हत्यारांची पिशवी ओढून आणली. गंजाच्या डागांना ती आता घाबरत नव्हती, पिशवी सरळ मांडीवर घेऊन बसली. मी मेन स्विच बंद केला, पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवला, टाकी बादलीत रिकामी केली. नवा रॉड शोधायला पिशवीत हात घातला तर रॉडला प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला होता, आणि शेजारी सहा डब्या होत्या.

त्याच डब्या. पण लेबलं नव्हती. पाण्यात भिजवून, पात्याने खरवडून काढली होती. कॉइलवरचा क्षार काढायचे तशी, कणही शिल्लक न ठेवता. माझ्या अक्षराची रेघसुद्धा कुठे नव्हती. डब्यांमध्ये वॉशर, खिळे, नट, आकाराप्रमाणे वेगवेगळे भरले होते.

"या रे कसल्या डब्या?" ताईने एक उचलून उजेडात धरली. "आपल्याकडच्या नाहीत."

मी स्टुलावर उभा होतो. सांगायचं तर तीच वेळ होती. तिच्या हातात डबी होती, घरात दोघांशिवाय कोणी नव्हतं, आणि वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं.

"वॉशरच्या," मी म्हणालो.

"किती घासून ठेवल्यात." तिने झाकण लावलं आणि डबी जागेवर ठेवली. "यांचं सगळं असंच."

मी नट सोडवले आणि रॉडसकट कॉइल बाहेर ओढली. रॉडची नुसती तार उरली होती. मॅग्नेशियम म्हणून काही राहिलंच नव्हतं, तारेला इथे-तिथे पांढरा चुरा चिकटलेला. बॅटरीच्या उजेडात मी टाकीत डोकावलो. आत गंजाचा एक ठिपका नव्हता. दुकानातून कालच आणल्यासारखी टाकी चकचकीत होती.

"कशी आहे?" ताईने खालून विचारलं.

"चांगली आहे. काही झालेलं नाही."

नवा रॉड बसवला, रबराचं गॅस्केट बदललं, नट एकाआड एक आवळत गेलो. बुडाशी त्यांच्या तारखा होत्या, एकाखाली एक, सुरेख. ताईने मला मार्कर दिला. मी शेवटच्या ओळीखाली 'पुढचा रॉड' लिहिलं आणि दोन वर्षांपुढचं साल घातलं. माझं अक्षर तिरकं आलं.

"बरं झालं तू आहेस," ताई म्हणाली. "तू नसतास तर मी काय केलं असतं?"

मी स्टुलावरून उतरून जुन्या रॉडची तार उचलली. ती तार तिने माझ्या हातातून घेतली, पुसली, आणि भावोजी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे तशी ती त्यांनीच तिला दिलेली असावी अशी दोन्ही हातांत धरून उभी राहिली.